क्रिया-प्रतिक्रिया सारख्याच, मग कपाट सरकतं कसं?

पत्र: "मॅडम, मी नववीत आहे. न्यूटनचे तिन्ही नियम मला तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण गणित आलं की डोकं बंद पडतं. क्लासमध्ये मी विचारलं की क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात तर दोन्ही मिळून शून्य व्हायला पाहिजे, मग कुठलीही वस्तू हलतेच कशी? सर म्हणाले हे परीक्षेत येत नाही, खाली बस. सगळे हसले. तेव्हापासून मी काही विचारत नाही. टेस्टमध्ये ४० पैकी १३ पडले, वर फेकलेल्या चेंडूचा प्रश्न तर पूर्ण चुकला. घरी म्हणतात तुला सायन्स झेपणार नाही. मी खरंच मठ्ठ आहे का? आणि अजून एक विचारायचंय, पृथ्वी एवढ्या स्पीडने फिरते तर उडी मारल्यावर आपण त्याच जागी कसे पडतो?"

अगं, आधी तुझ्या प्रश्नाबद्दल बोलते, मठ्ठपणाचं नंतर, कारण एकदा उत्तर कळलं की ते आपोआप निकालात निघेल. तू जे विचारलंस ना तो या अख्ख्या धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. मी बरीच वर्षं फिजिक्स शिकवतेय आणि ज्या मुलांना हा प्रश्न पडतच नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांनी तिसरा नियम वाचला, पाठ केला आणि पान उलटलं. तू तो नियम खरा मानून बघितलास आणि म्हणालीस की असं असेल तर जग जागच्या जागी थांबायला हवं. तुझा हिशोब बरोबरच आहे, ती दोन्ही बलं एकाच वस्तूवर लागत असती तर खरंच काही हललं नसतं.

पण ती एकाच वस्तूवर लागत नाहीत. सगळी गोम इथे आहे आणि नियम पाठ करताना नेमका हाच भाग गळतो.

समज तू एक कपाट ढकलतेयस. तू कपाटाला ढकलतेस, कपाट तुला ढकलतं. दोन्ही बलं अगदी सारखी, पण पहिलं लागतंय कपाटावर आणि दुसरं लागतंय तुझ्यावर. दोन वेगळ्या वस्तूंवरची बलं एकमेकांतून वजा करता येत नाहीत, जसं तुझ्या वहीतले मार्क मैत्रिणीच्या वहीतून वजा करता येत नाहीत. कपाट सरकणार की नाही हे ठरवायचं असेल तर फक्त कपाटाकडे बघायचं आणि कपाटावर कोण कोण बल लावतंय तेवढंच मोजायचं. तुझ्यावर काय लागतंय याच्याशी कपाटाला काही घेणंदेणं नाही.

आकडे घालून बघू म्हणजे नीट बसेल. कपाट ५० किलोचं आहे आणि तू २०० न्यूटनने ढकलतेस. १ न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅमची वस्तू तळहातावर ठेवली की जेवढा भार जाणवतो तेवढं बल, म्हणजे २०० न्यूटन म्हणजे जवळपास २० किलो उचलून धरायला लागतो तेवढा जोर. खालची फरशी घर्षणाने कपाटाला मागे खेचते, समज १५० न्यूटनने. मग कपाटावर उरलं ५० न्यूटन पुढच्या दिशेने, आणि ५० न्यूटन भागिले ५० किलो म्हणजे त्वरण १, म्हणजेच दर सेकंदाला कपाटाचा वेग १ मीटर प्रति सेकंदाने वाढत जाणार. झालं गणित. यात कपाटाने तुला किती ढकललं हे कुठे आलं का बघ, कुठेच नाही.

आता तुझ्याकडे बघू. कपाट तुला २०० न्यूटनने मागे ढकलतंय, मग तू मागे का जात नाहीस? कारण तुझे पाय फरशीला मागे रेटतात आणि फरशी तुझ्या पायांना पुढे रेटते. हे पटत नसेल तर पायात सुती मोजे घाल आणि गुळगुळीत फरशीवर उभं राहून ढकलून बघ (मागे कोणीतरी मोठं माणूस उभं कर, डोकं आपटून घेऊ नकोस). कपाट तिथेच राहील आणि तूच मागे सरकशील. तुझा जोर तोच, कपाट तेच, बदललं फक्त तुझ्या पायाखालचं घर्षण. म्हणजे आपण चालतो तेसुद्धा खरं म्हणजे जमीन आपल्याला पुढे ढकलते म्हणून चालतो. घर्षण म्हणजे नेहमी अडवणारं असं जे डोक्यात बसलेलं असतं ते काढून टाक, घर्षण नसेल तर एक पाऊलही टाकता येणार नाही.

आणि कपाट मुळीच हललं नाही तर? समज तू १२० न्यूटनने ढकललंस आणि ते ढिम्म हललं नाही. दहातली नऊ मुलं मला सांगतात की घर्षण १२० पेक्षा जास्त आहे म्हणून हललं नाही. थांबून विचार कर, घर्षण खरंच जास्त असतं तर कपाट तुझ्याच अंगावर चालून यायला हवं होतं ना! ते जागेवर आहे म्हणजे घर्षण बरोब्बर १२० आहे, ना कमी ना जास्त. तू ८० ने ढकललंस तर घर्षणही ८० होतं, तू हात काढलास की शून्य होतं. ते लागेल तेवढंच वाढतं, एका मर्यादेपर्यंत, आणि ती मर्यादा ओलांडली की कपाट सुटतं. म्हणूनच जड वस्तू सरकवताना सुरुवातीलाच जास्त जोर लागतो, एकदा सरकायला लागली की मग थोडं सोपं जातं, हे तू स्वतः अनुभवलं असशील.

आता एक चूक सांगते जी मी कितीतरी मुलांच्या वह्यांमध्ये बघितलीये. टेबलावर पुस्तक ठेवलंय, पृथ्वी पुस्तकाला खाली खेचते आणि टेबल पुस्तकाला वर ढकलतं, म्हणून ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं सर्रास लिहिलेलं असतं. ही जोडी नाहीच. दोन्ही बलं पुस्तकावरच लागतायत की! जोडीतली बलं कधीच एका वस्तूवर नसतात, ही सोपी टेस्ट लक्षात ठेव. खरी जोडी अशी बनते की वाक्यातली नावं उलटी करायची: पृथ्वी पुस्तकाला खेचते, तर पुस्तक पृथ्वीला खेचतं. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, तर पुस्तक टेबलाला खाली ढकलतं. बस एवढंच. टेबलावर पुस्तक स्थिर आहे ते पुस्तकावरची दोन बलं संतुलित आहेत म्हणून, ते पहिल्या-दुसऱ्या नियमाचं काम (एकूण बल शून्य असेल तर वेग बदलत नाही), क्रिया-प्रतिक्रियेच्या तिसऱ्याचं नाही. फरक कळायला लिफ्ट आठव, लिफ्ट वर जायला लागते त्या क्षणी लिफ्टची फरशी तुला तुझ्या वजनापेक्षा जास्त जोराने वर ढकलते, म्हणजे ही दोन बलं कधीकधी सारखी नसतात, आणि क्रिया-प्रतिक्रियेची जोडी मात्र कधीही कुठेही सारखीच असते.

हे मोजूनही बघता येतं. काटा हलणारा स्प्रिंगचा वजनकाटा लिफ्टमध्ये ठेवून त्यावर उभं राहायचं. तुझं वस्तुमान ४० किलो धरलं तर लिफ्ट थांबलेली असताना काटा तुला ३९२ न्यूटनने वर ढकलतो (४० गुणिले ९.८) आणि ४० किलो दाखवतो. लिफ्ट १ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद एवढ्या त्वरणाने वर निघाली तर त्याला ४३२ न्यूटनने ढकलावं लागतं, म्हणून काटा ४४ किलो दाखवतो, तेवढ्याच त्वरणाने खाली निघाली तर साधारण ३६. आणि मधल्या मजल्यांवरून लिफ्ट एकाच वेगाने जात असते तेव्हा? पुन्हा ४०. लिफ्ट जोरात वर जातेय तरी ४०च. हा चाळीसचा आकडा नीट लक्षात ठेव, मला पुढे त्याची गरज लागणार आहे.

तुला वाटेल टेबल तर निर्जीव, ते कसं काय ढकलणार. दोन जाड पुस्तकांवर प्लॅस्टिकची पट्टी आडवी ठेव आणि मधोमध एखादं लहान पुस्तक ठेव. पट्टी वाकते आणि वाकलेली पट्टी सरळ व्हायला बघते म्हणून पुस्तकाला वर रेटते. टेबलही असंच वाकतं, फक्त इतकं थोडं की डोळ्यांना दिसत नाही.

आणि पृथ्वीचं काय, आपण खाली पडताना पृथ्वीही आपल्याकडे येते का? येते. तू पृथ्वीला ३९२ न्यूटननेच खेचतेस. पण पृथ्वीचं वस्तुमान आहे ६ वर २४ शून्यं एवढे किलो, त्यामुळे तिचं त्वरण निघतं शून्य, दशांशचिन्ह, मग २२ शून्यं आणि मग ६५. बल सारखं, परिणाम सारखा नाही, कारण परिणाम वस्तुमानावर ठरतो.

तुझ्यावर वर्ग हसला ना, म्हणून हे मुद्दाम सांगते. १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या एवढ्या मोठ्या वर्तमानपत्राने रॉबर्ट गॉडार्ड या रॉकेटवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाची संपादकीयात खिल्ली उडवली होती, की अवकाशात हवाच नाही तर रॉकेट कशाला ढकलणार आणि पुढे कसं जाणार, आणि याला क्रिया-प्रतिक्रियेचं शाळेतलं ज्ञानसुद्धा नाही. चुकलं होतं वर्तमानपत्रच. रॉकेट हवेला ढकलत नाही, स्वतःच्या आतला गॅस मागे ढकलतं आणि तो गॅस रॉकेटला पुढे ढकलतो, जोडी या दोघांची आहे, हवेचा त्यात संबंधच नाही. गॉडार्ड १९४५ मध्ये गेले. अपोलो ११ चंद्राकडे निघालं १६ जुलै १९६९ ला आणि दुसऱ्या दिवशी, १७ जुलैला, त्या वर्तमानपत्राने आपली चूक छापून कबूल केली. ४९ वर्षांनी. म्हणजे कोण कोणाला ढकलतंय हे न बघता तिसरा नियम वापरला की मोठमोठ्या लोकांचंही असं होतं.

आता चेंडू. तू पेपरात काय लिहिलं असशील याचा मी अंदाज करते, बरोबर आहे का बघ. चेंडू वर जाताना त्याच्यावर हाताचं बल आहे, ते हळूहळू संपतं, सगळ्यात वर दोन्ही बलं सारखी होतात म्हणून चेंडू क्षणभर थांबतो, तिथे त्वरण शून्य, मग गुरुत्वाकर्षण जिंकतं आणि चेंडू खाली येतो. हेच लिहिलं असशील तर ते चूक आहे, पण वाट्टेल तशी चूक नाही, फार जुनी आणि फार हुशार माणसांनी केलेली चूक आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल म्हणायचा की वस्तू चालू ठेवायला कोणीतरी सतत ढकलत राहिलं पाहिजे. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ ब्युरिदाँ नावाचा विद्वान म्हणाला की फेकणारा माणूस वस्तूत एक जोर भरून देतो आणि त्या जोरावर ती जात राहते. तुझा 'हाताचं बल संपतं' हा विचार याच जातीचा आहे. गॅलिलिओने १६३८ मध्ये आपले प्रयोग छापले आणि न्यूटनचे नियम १६८७ मध्ये आले, म्हणजे ॲरिस्टॉटलपासून धरलं तर दोन हजार वर्षं लागली माणसाला ही एक गोष्ट समजायला, आणि आपण ती नववीत चार तासिकांमध्ये उरकतो आणि वर विचारतो की कळलं का सगळ्यांना.

दोन हजार वर्षं का लागली? कारण रोजचं जगणं आपल्याला उलटंच शिकवतं. सायकलचे पेडल मारायचे थांबवले की सायकल थांबते, खुर्ची ढकलायची सोडली की खुर्ची थांबते, मग कोणालाही वाटणारच की बल संपलं म्हणून गती संपली. तुझं मन खोटं बोलत नव्हतं, त्याला घर्षण दिसत नव्हतं एवढंच. खुर्ची आपणहून थांबत नाही, फरशी तिला थांबवते. कॅरमच्या बोर्डवर पावडर टाकल्यावर सोंगटी किती लांब जाते बघ, आणि पावडर नसताना कशी अडकते बघ. टिचकी तीच, बोटाचा संबंध टिचकी मारून झाल्यावर दोन्ही वेळा संपलेला, फक्त थांबवणारा कमी केला. गॅलिलिओचं डोकं नेमकं इथे चाललं, उतारावरून गोळा सोडला की समोरच्या चढावर तो जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो, समोरचा चढ कमी केला तर तेवढी उंची गाठायला लांब जातो, अजून कमी केला तर अजून लांब, मग चढ काढूनच टाकला आणि अडवणारं काही नसलं तर? उंची कधी गाठलीच जाणार नाही, गोळा जातच राहील. व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये सोडलंय, आज ते सूर्याच्या तुलनेत दर सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जातंय आणि त्याला पुढे ढकलणारं कुठलंही इंजिन चालू नाहीये, छोटे थ्रस्टर आहेत ते अँटेना पृथ्वीकडे वळवून ठेवण्यापुरते.

तर बल हे गतीसाठी लागत नाही, गती बदलायला लागतं. वेग वाढवायला, कमी करायला किंवा दिशा वळवायला. लिफ्टचा तो चाळीसचा आकडा आठव, एकाच वेगाने वर जाताना काट्यावर काहीच जास्त दिसलं नाही, कारण वेग बदलत नव्हता. बल विचारायचं ते वेग किती आहे यावरून नाही, वेग किती भराभर बदलतोय यावरून.

आता चेंडूकडे परत जाऊ. हातातून सुटल्यावर हात त्याला शिवतसुद्धा नाहीये, मग हाताचं बल कुठून येणार? हवेचा थोडा विरोध सोडून दिला तर त्याच्यावर एकच बल आहे, पृथ्वीचं, खाली, वर जाताना पण तेच, अगदी टोकाला पण तेच, खाली येताना पण तेच. तू १९.६ मीटर प्रति सेकंदाने वर फेकलास तर १ सेकंदाने वेग ९.८ उरतो, २ सेकंदांनी शून्य, ३ सेकंदांनी ९.८ पण खालच्या दिशेने. दर सेकंदाला ९.८ चा फरक, कुठेही खंड नाही. टोकाला वेग शून्य आहे पण त्वरण शून्य नाही, आणि हे पटवून घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे उलटा विचार कर, टोकाला वेग पण शून्य आणि त्वरण पण शून्य असतं तर वेग बदललाच नसता, मग चेंडू तिथेच हवेत लटकून राहिला असता.

जड वस्तू आधी पडते का या प्रश्नातही तुझ्या वर्गातले निम्मे अडकले असतील. जड दगडाला पृथ्वी जास्त जोराने खेचते हे खरं, पण त्याला हलवायलाही तेवढंच जास्त बल लागतं, दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात त्यामुळे त्वरण तेच राहतं. कागद हळू पडतो तो हवेमुळे, त्याचा घट्ट बोळा करून बघ. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं होतं, हवा नाही म्हणून दोन्ही बरोबरच खाली टेकले, त्याचा व्हिडिओ आहे, नक्की बघ.

आता अभ्यास कसा करायचा ते सांगते, कारण तिन्ही नियम पाठ असून तुझी गणितं अडतायत याचं कारण मला पत्रातच दिसतंय. तू गणित वाचतेस आणि लगेच फॉर्म्युला शोधायला लागतेस. ते महिनाभर बंद कर. गणित आलं की आधी एक वस्तू निवड, फक्त एक, आणि तिच्याभोवती पेन्सिलने गोल काढ. मग स्वतःला विचार, या गोलाच्या आतल्या वस्तूला बाहेरचं कोण कोण ढकलतंय किंवा खेचतंय? प्रत्येक बाणाशेजारी पूर्ण वाक्य लिही, 'फरशी कपाटाला मागे खेचते', 'पृथ्वी कपाटाला खाली खेचते', असं कर्त्यासकट. ज्या बाणाला कर्ता सापडत नाही तो बाण खोटा, खोडून टाक. चेंडूच्या चित्रात तू 'हाताचं बल' असा बाण काढला असतास तर तुला लिहावं लागलं असतं की 'हात चेंडूला वर ढकलतो' आणि तिथेच तुला दिसलं असतं की हात तर केव्हाच सुटलाय. बसमध्ये ब्रेक लागल्यावर 'मी पुढे फेकली गेले' म्हणतो तिथेही हेच करून बघ, कोणी फेकलं? कर्ताच नाही. बस थांबली, तुझं शरीर आधीच्याच वेगाने जात राहिलं, बस एवढंच घडलं. सीटबेल्टचं कामही तेच, शरीराला थांबवणारं बल काचेऐवजी पट्ट्याने आणि जरा जास्त वेळ घेऊन द्यायचं.

बाण झाले की मग बेरीज-वजाबाकी, मग बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. फॉर्म्युला सगळ्यात शेवटी. सुरुवातीला एका गणिताला वीस मिनिटं लागतील आणि तुला वाटेल वेळ वाया जातोय, वाटू दे. दिवसाला दोनच कर पण बाणांसकट कर.

एककांचं तेवढं बघ, किलोमीटर प्रति तासाचं मीटर प्रति सेकंद करायला ५ ने गुणून १८ ने भागायचं, ७२ चे २० होतात. त्यावरून एक गणित देते कारण हे नुसतं मार्कांचं नाहीये. गाडी ब्रेक लावून दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद एवढा वेग कमी करू शकते. ३६ च्या स्पीडला, म्हणजे १० मीटर प्रति सेकंदाला, ती थांबेपर्यंत १० मीटर जाते. ७२ ला, म्हणजे दुप्पट स्पीडला, किती? मुलं म्हणतात २०. करून बघ, ४० येतं. वेळ दुप्पट लागतो आणि त्या वेळात सरासरी वेगही दुप्पट असतो म्हणून अंतर चौपट. आणि हे फक्त ब्रेक लागल्यापासूनचं, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर वेगळंच. रस्ता ओलांडताना हा आकडा डोक्यात असू दे.

घरच्यांचं म्हणशील तर त्यांना हे पत्र वाचायला दे हवं तर. ४० पैकी १३ हे एका दिवशीच्या एका पेपरचे मार्क आहेत आणि ते का पडले हे आता तुला माहितीये: तुझ्या डोक्यात बल आणि गती एकच होतं आणि कोणी ते सोडवून दिलं नाही. एवढ्यावरून तुला काय झेपेल हे नववीत ठरवणं मला मान्य नाही. तू मठ्ठ नाहीस. मठ्ठ मुलीला 'मग काहीच हलायला नको' हे सुचत नाही. सरांच्या बोलण्याचं मला वाईट वाटलं, वर्गात चाळीस-पन्नास मुलं असली आणि पोर्शन संपवायची घाई असली की असं होतं हे मी स्वतः शिकवते म्हणून मला ठाऊक आहे, तरी ते योग्य नव्हतंच. तू विचारणं सोडू नकोस. वर्गात नको वाटत असेल तर तास संपल्यावर वही घेऊन जा, बाण काढलेलं चित्र पुढे ठेव आणि म्हण की सर हा बाण बरोबर आहे का, असं नेमकं विचारलं की उत्तर मिळायची शक्यता खूप वाढते. नाहीच मिळालं तर मला लिही.

आणि उडीचा प्रश्न, त्यात हसण्यासारखं काय आहे? विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग दर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर जातो. साधारण ३० सेंटीमीटर उंच उडी मारलीस तर तू अर्धा सेकंद हवेत असतेस, म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे जमीन तेवढ्यात २३० मीटर पुढे सरकायला हवी आणि तू भलतीकडेच पडायला हवीस. पण उडी मारण्याआधी तूही जमिनीबरोबर त्याच वेगाने जात होतीस ना? पाय सुटले म्हणून तो वेग कुठे जाईल, त्याला कमी करणारं आडवं बल तुझ्यावर कोणी लावलंच नाही, हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरतेय. एवढ्याशा उडीत जो फरक पडतो तो इतका बारीक की तो जाणवत नाही. ट्रेनमध्ये बसशील तेव्हा, ट्रेन सरळ रुळावर एकाच वेगाने जात असताना, एक नाणं सरळ वर उडव, ते तुझ्याच हातात पडेल. मग ट्रेन स्टेशनात शिरताना ब्रेक मारत असेल तेव्हा पुन्हा उडव आणि नाणं कुठल्या बाजूला पडतं ते बघ, पण बघायच्या आधी वहीत लिहून ठेव की तुझ्या मते कुठे पडेल आणि का, बाणांसकट. जे होईल ते मला कळव.